रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडो : परंपरेची नवी बांधणी

इंग्लंडमधील क्रू येथील कारखान्यातून १९६५ साली बाहेर पडलेल्या रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडो या मोटारीने कंपनीची जुनी बांधणी मोडीत काढली. तोवर मजबूत पोलादी चौकटीवर, म्हणजे चासीवर, स्वतंत्र सांगाडा चढवला जात असे, तर येथे चौकट आणि सांगाडा एकजीव करणारी मोनोकॉक रचना स्वीकारली गेली. जॉन ब्लॅचली यांनी रेखाटलेली ही गाडी आधीच्या सिल्व्हर क्लाउडपेक्षा आटोपशीर असूनही आतून अधिक ऐसपैस होती. मात्र एकसंध सांगाड्यात रस्त्याचा आवाज सहज शिरतो, आणि शांतता हाच ज्या कंपनीचा लौकिक तिला हे परवडणारे नव्हते. म्हणून चाकांचा भार पेलणाऱ्या उपचौकटी दाबलेल्या पोलादी तारांच्या जाळीच्या गाद्यांवर बसवण्यात आल्या. चारही चाकांना डिस्क ब्रेक होते, आणि भार कितीही असला तरी गाडीची उंची समान राखणारी द्रवदाबाची यंत्रणा सित्रोएन या फ्रेंच कंपनीच्या परवान्यावर बेतलेली होती, ही बाब ब्रिटिश अभिमानाला थोडी बोचली असल्यास नवल नाही. आरंभीचे ६.२ लिटरचे व्ही-८ इंजिन १९७० मध्ये ६.७५ लिटरचे झाले. पुढच्याच वर्षी आरबी २११ या विमान-इंजिनाच्या खर्चाने मूळ कंपनी दिवाळखोरीत गेली, तरी मोटारींचे उत्पादन सुरूच राहिले. १९७७ मध्ये सुधारित दुसरी आवृत्ती आली आणि १९८० मध्ये तिची जागा सिल्व्हर स्पिरिटने घेतली.