तांड्यात जावं की एकट्यानं?

गाडी आपली, तंबू आपला, मग कॅम्पिंग क्लबची वर्गणी कशाला? मित्रांमधला नेहमीचा वाद. मंडळी, हा प्रश्न जुन्नर तालुक्यात तरी 2000 वर्षं जुना आहे!

आज पिंपरी पेंढारवरून कल्याण-अहिल्यानगर महामार्ग जातो. सातवाहन काळात जुन्नरचा माल नाणेघाटानं कोकणात उतरायचा. जंगल, चोर, पाण्याचे वांधे, म्हणून व्यापारी तांडा करून, सार्थवाहाच्या मागे निघत. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा होता असं मानतात. म्हणजे खर्च तेव्हाही सुटला नव्हता. गावात त्यांच्या श्रेणी, म्हणजे धंदेवाईक संघटना होत्या. जुन्नरच्या एका शिलालेखानुसार धान्य-व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दान दिलं. एकट्यादुकट्याला हे झेपलं असतं का?

आता महामार्गावर सोबत लागत नाही. पण रात्री उसाच्या कडेला तंबू ठोकायचा तर हा बिबट्याचा मुलुख आहे. सुरक्षित जागा कुठली, पाणी कुठे, गावात कोणाला विचारायचं, हे ज्या क्लबला पक्कं ठाऊक आहे, त्याची वर्गणी वसूल. नुसते टी-शर्ट आणि स्टिकर वाटणाऱ्याला मात्र लांबूनच राम राम!