ओपन गेम लायसन्स म्हणजे काय? नियम फुकट देऊन गेम कंपनी पैसे कशी कमावते?

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हे नाव तुम्ही ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ बघताना किंवा ‘बाल्डर्स गेट ३’ खेळताना ऐकलं असेल. मूळ खेळ मात्र स्क्रीनवरचा नाही. टेबलाभोवती बसायचं, एकाने गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं आणि काय घडेल ते फासे टाकून ठरवायचं.

मी हा खेळ मित्रांसोबत व्हिडिओ कॉलवर शिकलो. महागडं पुस्तक घेतलं नव्हतं. नियमांची मोफत पीडीएफ मोबाईलमध्ये डाउनलोड केली आणि सुरुवात केली. तेव्हाच प्रश्न पडला, कंपनी स्वतःचे नियम फुकट का वाटते? चला, समजून घेऊया.

ही कल्पना आली कुठून?

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत आला. १९९७ मध्ये ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ने मूळ कंपनी टीएसआर विकत घेतली आणि १९९९ मध्ये विझार्ड्सलाच हॅस्ब्रोने घेतलं.

२००० साली खेळाची तिसरी आवृत्ती आली. त्यासोबत विझार्ड्सचे रायन डॅन्सी यांच्या पुढाकाराने ‘ओपन गेम लायसन्स’ आलं. खेळाचे मूळ नियम ‘सिस्टम रेफरन्स डॉक्युमेंट’ म्हणजे एसआरडी या नावाने खुले झाले. ते वापरून कुणीही स्वतःचं पुस्तक छापून विकू शकत होतं, तेही रॉयल्टी न देता.

यात कंपनीचा फायदा काय?

हिशेब सोपा आहे. साहसकथेचं पुस्तक ग्रुपमधला एकच जण घेतो, जो गोष्ट चालवतो. नियमांचं पुस्तक मात्र प्रत्येक खेळाडूला लागू शकतं. म्हणजे कमी खपाची पुस्तकं इतरांनी काढायची आणि त्यांच्यामुळे आपलं जास्त खपाचं पुस्तक विकलं जायचं.

दुसरं कारण म्हणजे सवय. व्हॉट्सअ‍ॅप आपण का सोडत नाही? कारण सगळे तिथेच आहेत. नियमांचंही तसंच. जितके जास्त लोक एकच नियम शिकतात, तितकं दुसऱ्या खेळाकडे जाणं जड जातं.

पण सगळंच फुकट नव्हतं. अँड्रॉइडचं उदाहरण घ्या. त्याचा मूळ कोड खुला आहे, पण प्ले स्टोअर आणि गूगलची अ‍ॅप्स गूगलच्याच अटींवर मिळतात. इथेही नियम खुले होते, पण खेळाचं नाव, लोगो आणि ‘बिहोल्डर’सारखे काही खास राक्षस कंपनीने स्वतःकडेच ठेवले.

डाव उलटला तेव्हा

२००८ मध्ये चौथी आवृत्ती आली, तीही जास्त कडक लायसन्स घेऊन. पण जुने नियम तर खुलेच होते! ‘पायझो’ या कंपनीने त्यांच्याच आधारावर २००९ मध्ये ‘पाथफाइंडर’ काढला आणि तो डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा तगडा स्पर्धक झाला. एकदा खुलं केलेलं दार बंद करणं किती अवघड असतं, ते इथे दिसलं. पुढे पाचव्या आवृत्तीचे नियम २०१६ मध्ये पुन्हा जुन्या लायसन्सखाली खुले झाले.

२०२३ मध्ये काय घडलं?

मी तेव्हा आमच्या ग्रुपसाठी मराठीत एक छोटी साहसकथा लिहीत होतो, सह्याद्रीतल्या एका पडक्या किल्ल्यावरची. जानेवारीत नव्या लायसन्सचा मसुदा फुटला. त्यात वर्षाला ७,५०,००० डॉलरच्या वरच्या कमाईवर २५ टक्क्यांपर्यंत रॉयल्टी होती आणि जुनं लायसन्स यापुढे ‘अधिकृत’ राहणार नाही असंही होतं.

माझी कमाई शून्य, त्यामुळे रॉयल्टीची भीती नव्हती. पण ज्या पायावर लिहितोय तोच काढून घेतला तर? माझं लिखाण बाजूलाच पडलं. ज्यांचं घरच अशा पुस्तकांवर चालतं, त्यांचं काय झालं असेल!

वाद एका शब्दाचा होता. जुन्या लायसन्समध्ये ‘कायमस्वरूपी’ असं लिहिलं होतं, पण ‘रद्द न करता येणारं’ असं स्पष्ट लिहिलं नव्हतं.

खेळाडू खूप चिडले. शेवटी २७ जानेवारी २०२३ ला विझार्ड्सने माघार घेतली. जुनं लायसन्स तसंच राहिलं आणि पाचव्या आवृत्तीचा एसआरडी ५.१ ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’च्या सीसी-बाय ४.० लायसन्सखालीही आला. हे लायसन्स कंपनीला मागे घेता येत नाही. श्रेय द्या आणि वापरा, विकायलाही हरकत नाही. तिकडे पायझोच्या पुढाकाराने ‘ओआरसी’ हे वेगळं लायसन्सही त्याच वर्षी तयार झालं.

तुम्ही काही बनवणार असाल तर

- लायसन्स ‘रद्द न करता येणारं’ आहे का, ते आधी बघा. फक्त ‘मोफत’ शब्दावर जाऊ नका.
- खुलं काय आणि राखीव काय, याची यादी वाचा. नियम वापरता येतात म्हणजे नाव आणि लोगोही वापरता येतो असं नाही.
- श्रेयाची ओळ जशी सांगितली आहे तशीच टाका.

हे फक्त फाशांच्या खेळापुरतं नाही. अ‍ॅप, फॉन्ट, संगीत, काहीही दुसऱ्याच्या पायावर उभं करताना हेच लागू होतं. माझी किल्ल्याची गोष्ट मी नंतर पूर्ण केली. पहिल्या पानावर श्रेयाची ओळ आहे, बाकी सगळं माझं.