मावळातील यंत्रविद्या : पैसा फंडापासून संगणक-वर्गापर्यंत



मोफत संगणक-वर्ग ही गोष्ट आता कोणाला नवलाची वाटत नाही. शाळेच्या एखाद्या खोलीत किंवा मंडळाच्या कार्यालयात चार यंत्रे मांडायची, संध्याकाळी दहा-वीस माणसे जमवायची आणि अक्षरे उमटवण्यापासून सरकारी अर्ज भरण्यापर्यंतचे शिक्षण त्यांना द्यायचे, असे उपक्रम गावोगाव निघतात, काही महिने चालतात आणि बरेचसे बंदही पडतात. त्यांच्याविषयी दोन मते ऐकू येतात. एक असे की, फुकट मिळालेल्या विद्येची किंमत राहत नाही. दुसरे असे की, हे दानशूरांचे काम आहे. मिळेल तेवढे घ्यावे आणि आभार मानावेत. दोन्ही मतांच्या मुळाशी समजूत एकच आहे. यंत्राची विद्या ही पैसेवाल्याची वस्तू, त्याने ती विकावी नाही तर वाटावी, ही ती समजूत. ती कितपत खरी आहे हे पाहायला फार दूर जायला नको. आपल्या मावळात गेल्या पावणेदोनशे वर्षांत तिची परीक्षा झालेली आहे.

मावळात पहिले मोठे यंत्र आले ते आगगाडीचे. बोरघाटाचे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ साली घाटाखालचा व घाटावरचा लोहमार्ग एकमेकांना जोडला गेला. सुमारे १५ मैलांच्या चढणीत १८०० फुटांहून अधिक उंची गाठायची, त्यासाठी २५ बोगदे खोदावे लागले. काम ऐन भरात असताना ४० हजारांच्या घरात मजूर या डोंगरांत राबत होते. पटकीने आणि तापाने त्यांतले हजारो मेले. मजुरी थकली म्हणून १८५९ साली हे मजूर ठेकेदाराच्या गोऱ्या माणसांवर चालून गेले होते. कामगार चळवळीचा इतिहास आपण मुंबईच्या गिरण्यांपासून सांगू लागतो; पण त्याचे एक पान या घाटातही आहे. पुढे लोणावळ्यास जी. आय. पी. रेल्वेचा एंजिनांचा कारखाना झाला. त्या काळी मोठ्या गाड्यांवर ड्रायव्हर बहुधा युरोपियन किंवा अँग्लो-इंडियन असे. ज्यांनी सुरुंग लावून मार्ग काढला, त्यांच्या मुलांच्या वाट्याला खडी, कुदळ आणि कोळशाचे फावडे आले.

दुसरे यंत्र विजेचे. जमशेटजी टाटांनी मनात धरलेली ही योजना त्यांच्या मृत्यूनंतर, १९१० साली कंपनी स्थापन होऊन आकारास आली. लोणावळा, वळवण आणि शिरवता या ठिकाणी पावसाचे पाणी अडवून ते नळांतून सुमारे १७०० फूट खाली खोपोलीस सोडण्यात आले आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये तेथून मुंबईस वीज जाऊ लागली. १९२२ साली आंध्र मावळातले पाणीही भिवपुरीच्या वीजघरात उतरले. शेजारच्या मुळशीत टाटांच्याच धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी १९२१ पासून जो सत्याग्रह केला, तो सेनापती बापटांच्या नावाने सर्वांना ठाऊक आहे. पाणी आमचे होते, जमीनही आमची होती, वीज मात्र गिरण्यांसाठी गेली. आणि ज्या खोऱ्यांतून ती गेली तेथल्या वाड्यांत दिवा लागायला पुढे कित्येक दशके जावी लागली. वीजघरांनी देशाचे हित केले, हे मी नाकारीत नाही. माझा मुद्दा एवढाच की, ही दोन्ही यंत्रे मावळात येऊन वसली. पण त्यांची विद्या येथल्या सामान्य माणसाला शिकवावी, असे ती आणणाऱ्यांना कधी वाटले नाही.

तिसरे उदाहरण मात्र वेगळे आहे, आणि ते तळेगावचे आहे. एकोणिसावे शतक संपता संपता अंताजी दामोदर काळे नावाच्या तरुणाच्या मनात आले की, प्रत्येक माणसाने वर्षाला एक पैसा दिला तर त्या निधीतून देशात धंदे निघतील. त्या वेळी रुपयाचे ६४ पैसे होत. म्हणजे एक रुपया जमवायचा तर ६४ माणसांपुढे उभे राहायचे आणि ६४ वेळा तेच समजावून सांगायचे. वर्गणी गोळा करण्याचे काम ज्यांनी केले आहे, त्यांना याचा अर्थ सांगायला नको. लोकमान्य टिळकांनी या कल्पनेला पाठबळ दिले, स्वदेशीच्या चळवळीने तिला वेग आला आणि या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना उभा राहिला. जपानात जाऊन काचेची विद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या हाती त्याची तांत्रिक बाजू होती.

या कारखान्याचा उद्देश माल काढून विकण्यापुरता नव्हता. येथे विद्यार्थी घेऊन त्यांना भट्टीपुढे उभे करून काम शिकवावे, हाही तो काढण्यामागचा हेतू होता. काचेचे काम पुस्तकातून येत नाही. वाळू आणि सोडा यांचे प्रमाण, भट्टीची आच, फुंकणीच्या टोकाला किती रस घ्यावा आणि तो केव्हा फिरवावा, हे जाणत्याच्या शेजारी उभे राहूनच कळते. असे जाणते आपल्याकडे फार थोडे होते, म्हणून तळेगावात ते घडवायचे ठरले. तेथे तयार झालेले कारागीर पुढे देशातल्या निरनिराळ्या काच-कारखान्यांत गेले. एका कारखान्याच्या नफातोट्याहून ही कमाई मोठी होती. याच तळेगावात विष्णू गोविंद विजापूरकरांचे समर्थ विद्यालय होते. स्वदेशी बाण्याचे शिक्षण देणारी ही शाळा सरकारने १९१० साली बंद पाडली. लोकांच्या पैशाने चाललेल्या शाळेची सरकारला भीती वाटत होती, त्या अर्थी ती काही तरी खरे शिकवीत असली पाहिजे.

पैसा फंडाची विद्या फुकट होती काय? शिकणाऱ्याच्या दृष्टीने तिचे मोल फार थोडे होते. पण तिच्यासाठी लाखो हातांनी पैसा टाकला होता. म्हणून तिला कोणी दान म्हटले नाही आणि ती घेणाऱ्याला मान खाली घालावी लागली नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली शेतकरी-मजुरांसाठी पुण्यात रात्रशाळा काढली, ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगने १९११ नंतर मुंबईच्या कामगार वस्तीत रात्रशाळा आणि वाचनालये चालवली. त्यांची जात हीच. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. तिथे ऐकलेल्या विचारांची किंमत नाही असे कोण म्हणेल?

आता संगणकाकडे येऊ. हे यंत्र आपल्या देशात १९५५-५६ च्या सुमारास कलकत्त्याच्या सांख्यिकी संस्थेत आले. कारकुनांच्या टेबलाजवळ ते येऊ लागले तेव्हा कामगार संघटनांनी विरोध केला. आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी साठीच्या दशकात कलकत्त्याच्या इलाको भवनात संगणक बसवण्याविरुद्ध दीर्घ लढा दिला. स्वयंचलित यंत्रांच्या प्रश्नावर सरकारने पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिने १९७२ साली अहवाल दिला. पुढे सप्टेंबर १९८३ मध्ये बँक-कर्मचाऱ्यांच्या संघटना आणि व्यवस्थापक यांच्यात यंत्रीकरणाचा करार झाला. त्या लढ्याला आज हसणारे लोक आहेत. त्यांनी हे ध्यानात घ्यावे की, नोकरी जाण्याची भीती खोटी नव्हती, आणि लढ्यामुळेच यंत्र येताना मालकाला कराराच्या टेबलाशी बसावे लागले. मात्र चळवळीच्या मागण्यांत एक उणीव राहिली. किती यंत्रे बसवायची आणि ती चालवणाराला भत्ता किती, यावर रात्री जागवल्या गेल्या. ही विद्या प्रत्येक कामगाराला, त्याच्या भाषेत आणि कामाच्या वेळात शिकवली पाहिजे, ही मागणी तेवढ्या जोराने पुढे आली नाही.

ज्या अमेरिकेतून ही यंत्रे आली, तेथे वापरणाऱ्यांनी काय केले हेही पाहण्याजोगे आहे. १९५५ साली लॉस एंजेलिसच्या आसपासच्या कारखान्यांतील, विशेषतः विमाने बांधणाऱ्या कंपन्यांतील तंत्रज्ञांनी ‘शेअर’ नावाचे मंडळ काढले. सर्वांकडे आय. बी. एम. कंपनीचे एकाच जातीचे यंत्र होते. प्रत्येकाने तोच प्रोग्राम पुन्हा लिहीत बसण्यापेक्षा एकाने लिहावा आणि सर्वांनी वापरावा, असा साधा व्यवहार होता. मार्च १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे एका मोटारीच्या गॅरेजमध्ये छंदी लोकांचे दुसरे मंडळ भरू लागले. कोणी यंत्र उघडून दाखवी, कोणी आपली अडचण मांडी. पुढे ॲपल कंपनी काढणारे स्टीव्ह वॉझ्नियाक याच मंडळातले.

लगेच वादही उपस्थित झाला. फेब्रुवारी १९७६ मध्ये बिल गेट्स यांनी या छंदी मंडळींना खुले पत्र लिहून तक्रार केली की, आमचे प्रोग्राम तुम्ही पैसे न देता उतरवून घेता. कामगार म्हणून मला त्यांची बाजू अगदीच टाकाऊ वाटत नाही. प्रोग्राम लिहिणे हे श्रमाचे काम आहे आणि श्रमाला दाम मिळाला पाहिजे. या वादातून दुसरी वाट निघाली ती १९८३ साली. रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ योजना जाहीर केली : करणाराने स्वखुशीने प्रोग्राम सर्वांना खुला करावा, ज्याला हवा त्याने तो वापरावा, उघडून पाहावा, सुधारावा आणि पुढे द्यावा. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स लोकांपुढे ठेवले, आणि ही वाट राजमार्ग झाली.

तो मार्ग पुण्यापर्यंत पोहोचला. लिनक्स वापरणाऱ्यांचे ‘प्लग’ हे पुण्यातील मंडळ त्यातलेच. मॉडेल कॉलनीतील सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत त्याच्या मासिक सभा भरत आल्या, आणि तेथेच ‘ग्नुनिफाय’ नावाचा मेळावा अनेक वर्षे होत असे. अशा सभांची रीत ठरलेली असते. एक जण आपल्याला आलेली गोष्ट करून दाखवतो. नवख्याच्या यंत्रावर लिनक्स बसवून देतात. प्रश्न विचारणाराची पदवी कोणी विचारीत नाही. फायरफॉक्स आणि लिबरऑफिस यांसारखे प्रोग्राम आज मराठीत मिळतात, त्यामागे अशाच स्वेच्छेने राबणाऱ्यांचे हात आहेत. तळेगावच्या भट्टीपुढे जाणत्याशेजारी उभे राहून शिकण्याचा जो प्रकार होता, तोच मला येथे दिसतो.

सरकारी बाजूही नोंदली पाहिजे. २००१ साली महाराष्ट्रात ‘एम. एस.-सी. आय. टी.’ हा अभ्यासक्रम सुरू झाला. तो फी घेऊन चालतो. पण त्याने लाखो मराठी मुलांचे बोट यंत्राला लावले. ग्रामीण भागासाठी केंद्र सरकारने २०१७ साली प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान काढले. घरटी एका माणसाला २० तासांचे मोफत शिक्षण द्यायचे, अशी ६ कोटी घरांची योजना होती. मार्च २०२४ अखेर ती संपली आणि ६ कोटी ३९ लाख लोकांना शिकवले असा सरकारचा हिशेब आहे. आकडा थोडा नाही. तथापि २० तासांनंतर काय? प्रमाणपत्र हातात पडते, वर्गाचे दार बंद होते, आणि महिन्याने अडचण आली तर विचारायला कोणी नसते.

येथे प्रश्न छंदाचा राहत नाही, पोटाचा होतो. २०१४ पासून भविष्य निर्वाह निधीच्या सभासदाला एक कायम क्रमांक मिळतो आणि त्यावरून आपले खाते त्याला स्वतः पाहता येते. आपल्या पगारातून कापलेली रक्कम ठेकेदाराने भरली की नाही, हे दोन मिनिटांत कळू शकते. ज्याला पाहता येत नाही, त्याला वर्षे लोटल्यावर, नोकरी सुटल्यावर कळते. असंघटित कामगारांची ई-श्रम नोंदणी ऑगस्ट २०२१ पासून यंत्रावरच होते. डिजिटल सहीचा सातबारा १ मे २०१८ पासून घरबसल्या मिळतो. पण लोणावळ्याच्या आसपास जमिनीला जो भाव आला आहे, तो पाहता आपला सातबारा दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचणे शेतकऱ्याला परवडणारे नाही. आमच्या कचेरीत माणसे येतात, फोन पुढे करतात आणि आपला गुप्त शब्द मोठ्याने सांगतात. विश्वासाने सांगतात, पण असाच विश्वास ते उद्या कोणावरही टाकतील. हिशेबाची वही मालकाकडे आणि अंगठा आपला, हा जुना व्यवहार नव्या यंत्रावर पुन्हा मांडला जात आहे.

म्हणून मावळात मोफत वर्ग निघावेत, आणि ते पैसा फंडाच्या रीतीने निघावेत. वर्गणी सर्वांची असावी, मग ती दहा रुपये का असेना; कारण वर्गणी देणाऱ्याला हिशेब विचारता येतो. वेळ पाळी सुटल्यानंतरची असावी, आणि बायकांना येता येईल अशी दुसरी वेळही असावी. शिकवणे मराठीत व्हावे. पहिला धडा आपला भविष्य निधी, आपला सातबारा, आपली पगारचिठ्ठी वाचण्याचा असावा, आणि आपला गुप्त शब्द कोणालाही न सांगण्याचा असावा. शिकून झालेल्याने पुढच्या तुकडीत एकाला शिकवावे. वर्ग संपल्यावर महिन्यातून एक सभा पुण्याच्या मंडळासारखी भरावी. तीत ज्याला अडले त्याने विचारावे आणि ज्याला येते त्याने दाखवावे. यंत्रे जुनी चालतील. लिनक्स जुन्या यंत्रावरही बसते. शाळांच्या खोल्या संध्याकाळी रिकाम्या असतात, सार्वजनिक वाचनालये आहेत, युनियनच्या कचेऱ्या आहेत. लोणावळ्याहून लोकलने पुण्याला जाऊन शिकून येणारी मुलेही आपल्यात आहेत. त्यांना फक्त बोलवायचे आहे.

अंताजी काळ्यांना एका रुपयासाठी ६४ दारे हिंडावी लागली. आपल्याला तितकी हिंडायची गरज नाही. व्याख्यान संपल्यावर दाराशी एक वही ठेवली आहे. ज्यांना शिकायचे आहे त्यांनी डाव्या पानावर आणि ज्यांना शिकवता येईल त्यांनी उजव्या पानावर नाव लिहावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.