दोष दाखविण्याची रीत : रानपाखरांच्या छायाचित्रांचा एक धडा



रानपाखरांची सुरेख छायाचित्रे दिनदर्शिकेवर पाहिली की आपण कॅमेऱ्याचे कौतुक करतो. यंत्र सुधारले हे खरेच. परंतु एका माणसाने दुसऱ्याच्या कामातील दोष त्याला उपयोगी पडेल अशा रीतीने सांगितला, हाही या सुधारणेतील मोठा भाग आहे. त्याचा इतिहास आज थोडक्यात मांडावयाचा आहे.

रिचर्ड आणि चेरी कीर्टन हे इंग्लंडातील यॉर्कशायरच्या एका खेड्यातले, शेतकऱ्याचे मुलगे. रिचर्ड लहानपणीच्या दुखापतीने पायाने अधू. दोघेही लंडनमध्ये कॅसल या प्रकाशनसंस्थेत नोकरी करीत. १८९२ च्या एप्रिलमध्ये चेरीने एनफील्डजवळ अंडी असलेल्या घरट्याचे छायाचित्र घेतले. पुढे १८९५ साली ब्रिटिश पक्ष्यांच्या घरट्यांवरचे त्यांचे पुस्तक निघाले, ते हाताने काढलेल्या चित्रांऐवजी छायाचित्रांनी सजलेले होते. पाखरू बुजू नये म्हणून १९०० साली त्यांनी लाकडी सांगाड्यावर बैलाचे कातडे चढविले आणि त्या पोकळ बैलात बसून चित्रे घेतली.

त्याच १८९५ साली आर. बी. लॉज यांना अंडी उबविणाऱ्या लॅपविंगच्या, म्हणजे आपल्या टिटवीच्या भाईबंदाच्या, चित्राबद्दल रॉयल फोटोग्राफिक सोसायटीचे पदक मिळाले. पदकाने पहिला कोण हे कळते. मागे राहिलेला का मागे राहिला हे त्याला पदक सांगत नाही. ती उणीव भरून काढणारी रीत निराळी होती. १८९९ साली ब्रिटनमध्ये झूऑलॉजिकल फोटोग्राफिक क्लब निघाला. अशा टपाली मंडळांत सभासदांच्या चित्रांचे पुडके एकाकडून दुसऱ्याकडे टपालाने फिरे. प्रत्येकाने इतरांच्या चित्रांवर अभिप्राय लिहावयाचा, आणि पुडके पुढे धाडावयाचे. फेरी पुरी झाली की आपले चित्र सर्वांच्या शेऱ्यांसह परत येई.

यातली खरी गोम अशी की, टीका करणाऱ्याचे चित्रही त्याच पुडक्यात असे. उंच आसनावर बसून निकाल देणारा कोणी नव्हता. गिरणीत ‘माल खराब’ म्हणून दंड कापणारा निराळा आणि तुटलेला धागा कसा सांधावा हे शेजारी उभे राहून दाखविणारा जुना विणकर निराळा. कामगार सुधारतो तो दुसऱ्यामुळे.

‘चित्र बरे नाही’ हा अभिप्राय नव्हे. ‘छान आहे’ हाही नव्हे. ‘डोळ्यात प्रकाशाचा ठिपका नाही, म्हणून पाखरू निर्जीव वाटते, सूर्य पाठीशी ठेवून सकाळी पुन्हा बसा’, हा अभिप्राय. ‘मागची काडी चोचीतून निघाल्यासारखी दिसते, कॅमेरा वीतभर खाली घ्या’, हाही अभिप्राय. काय दिसले, ते का खटकले आणि पुढच्या खेपेस काय करावे, या तिन्ही गोष्टी त्यात असल्या पाहिजेत. आणि जे साधले आहे तेही सांगावे. नाही तर दोष काढताना माणूस गुणही टाकून देतो.

अशा मार्गदर्शनाचे फळ एमा टर्नर यांच्या कामात दिसते. १९०० साली रिचर्ड कीर्टनची भेट झाल्यावर त्या छायाचित्रणाकडे वळल्या. बिटर्न हा बगळ्याच्या कुळातला पक्षी ब्रिटनमध्ये वीण करीनासा झाला होता. १९११ साली नॉरफोकच्या बोरूच्या बनात, जिम व्हिन्सेंट या स्थानिक राखणदाराच्या सोबतीने, त्यांना बिटर्नचे पिल्लू सापडले. त्यांनी घेतलेले त्याचे चित्र हा पक्षी तेथे पुन्हा वीण करीत असल्याचा पुरावा ठरला. चित्र अस्पष्ट असते, तर साक्ष लटकी पडली असती.

पण टीकेचा प्रश्न चित्रापाशीच थांबत नाही. त्या काळच्या मंद काचांवर स्थिर बसलेले पाखरूच नीट उमटे, म्हणून सारे घरट्याकडे धावत. घरट्याआडच्या फांद्या दूर केल्या की पिलांवर ऊन येते आणि कावळ्यालाही वाट दिसते. हळूहळू ‘चित्र कसे आहे?’ याच्या जोडीला ‘ते कसे मिळविले?’ असे विचारले जाऊ लागले. १९६७ च्या ब्रिटिश कायद्याने ठरावीक दुर्मीळ पक्ष्यांना घरट्यापाशी जाणूनबुजून त्रास देणे हा गुन्हा ठरविला. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तर पक्ष्यांची अंडी वा घरटी विस्कटणे, त्यांना धक्का लावणे हे शिकारीच्या व्याख्येतच घातले आहे. आज अनेक स्पर्धा घरट्याचे चित्र स्वीकारीतच नाहीत. १८९५ चे पदकविजेते चित्र तेथे दारातूनच परत गेले असते.

हे ध्यानात ठेवून भिगवणला उजनीच्या पाण्यावर जावे. नाव पुढे घ्यायला लावून रोहितांचा थवा उडविला आणि झकास चित्र मिळविले, असे कोणी दाखवील. त्याला झिडकारू नका. पंखांवरचा प्रकाश चांगला साधला आहे, हे आधी सांगा. मग विचारा, ‘नाव कितीवर थांबविली होती?’ आणि पुढच्या खेपेस ती कोठे थांबवावी, हे त्याच्याबरोबर बसून, नावाड्यालाही विचारात घेऊन, ठरवा.