संस्थात्मक भांडार

संस्थात्मक भांडार म्हणजे विद्यापीठाने किंवा संशोधनसंस्थेने आपल्या अध्यापकांचे व विद्यार्थ्यांचे लेखन जतन करून सर्वांना विनामूल्य वाचता यावे यासाठी उभारलेले अंकीय ग्रंथालय होय. त्यात शोधनिबंध, प्रबंध, अहवाल व व्याख्याने यांचा समावेश असतो.

पार्श्वभूमी

संशोधनाचा खर्च बहुधा सार्वजनिक निधीतून होतो. शोधनिबंधाबद्दल लेखकाला सहसा मानधन मिळत नाही आणि त्याचे परीक्षणही इतर अध्यापक बहुधा विनामोबदला करतात. तरीही तो वाचण्यासाठी विद्यापीठालाच नियतकालिकाची वर्गणी भरावी लागते. लेखकांनी आपले लेख स्वतःच खुले करावेत, असा प्रस्ताव स्टीव्हन हारनॅड यांनी १९९४ मध्ये मांडला. पुढे ईप्रिंट्स (साउदॅम्प्टन विद्यापीठ, २०००) आणि डीस्पेस (एमआयटी व ह्यूलेट-पॅकार्ड, २००२) या मुक्तस्रोत आज्ञावलींमुळे अशी भांडारे उभारणे सुलभ झाले.

कार्यपद्धती

लेखक आपला लेख भांडारात जमा करतो. ग्रंथपाल लेखक, विषय, वर्ष इत्यादी तपशील नोंदवतात आणि लेखाला कायमस्वरूपी दुवा मिळतो. स्वामित्वहक्क प्रकाशकाकडे गेला असल्यास छापील प्रत ठेवता येत नाही. मात्र अनेक प्रकाशक परीक्षणानंतरचे अंतिम हस्तलिखित ठराविक मुदतीनंतर खुले करू देतात.

भारतातील स्थिती

बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेने २००२ मध्ये ईप्रिंट्सवर आधारित भांडार सुरू केले. गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि पुण्यातील गोखले अर्थशास्त्र संस्था यांची भांडारे डीस्पेसवर आधारलेली आहेत. गोखले संस्थेच्या भांडारात दुर्मीळ ग्रंथही आहेत.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी पीएच.डी. प्रबंधाची अंकीय प्रत देणे बंधनकारक केले. हे प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा' या भांडारात ठेवले जातात. रायगड जिल्हा मुंबई विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. त्यामुळे कळंबोलीतील विद्यार्थ्याला या विद्यापीठाचे शोधगंगेवरील प्रबंध कलिना येथील ग्रंथालयात न जाता वाचता येतात.

मर्यादा

प्रबंधांप्रमाणे अध्यापकांच्या लेखांवर सर्वत्र सक्ती नसल्याने अनेक भांडारे अपुरी राहतात. मराठी लेखनापुढे आणखी एक अडचण आहे. युनिकोडपूर्व टंकात तयार केलेल्या किंवा केवळ छायाचित्ररूपात जतन केलेल्या मजकुरात शब्दशोध घेता येत नाही. त्यामुळे खुला असूनही तो वाचकाला सहज सापडत नाही.