'सोहो'च्या छायाचित्रांतील उडत्या तबकड्या : एका वादाची साधनचिकित्सा

प्रस्तावना :
इतिहासलेखनात एखादे साधन पुरावा म्हणून स्वीकारण्यापूर्वी ते कोणी, केव्हा व कसे निर्माण केले, याची चिकित्सा केली जाते. हाच निकष वैज्ञानिक छायाचित्रांनाही लागू पडतो. युरोपीय अवकाश संस्था आणि नासा यांच्या 'सोहो' या सौर वेधशाळेच्या छायाचित्रांवरून उद्भवलेला वाद या दृष्टीने अभ्यसनीय ठरतो.

पार्श्वभूमी :
२४ जून १९४७ रोजी अमेरिकी वैमानिक केनेथ अर्नोल्ड यांनी माउंट रेनियरजवळ नऊ वेगवान वस्तू पाहिल्याचे सांगितले. पाण्यावर भिरकावलेल्या बशीची उपमा आपण त्यांच्या गतीला दिली होती, असे त्यांचे म्हणणे होते. वृत्तपत्रांतून मात्र 'उडती तबकडी' हा शब्द रूढ झाला आणि अज्ञात यानाचा आकार लोकमानसात निश्चित झाला. पुढे अमेरिकी हवाई दलाच्या 'ब्लू बुक' प्रकल्पात १९६९ पर्यंत १२,६१८ घटनांची नोंद झाली. त्यांपैकी ७०१ घटनांचा उलगडा झाला नाही.

२ डिसेंबर १९९५ रोजी प्रक्षेपित झालेले 'सोहो' पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने सुमारे १५ लाख किलोमीटरवर आहे. त्याची छायाचित्रे इंटरनेटवर सर्वांसाठी खुली करण्यात आली. त्यांतील काही ठिपके व पंखयुक्त आकृत्या परग्रहवासीयांची याने असल्याचे दावे होऊ लागले.

छायाचित्रांची चिकित्सा :
२००३ मध्ये 'सोहो'च्या शास्त्रज्ञांनी अशा 'तबकड्या' कशा निर्माण होतात, याचे सविस्तर स्पष्टीकरण प्रसिद्ध केले. 'लॅस्को' या उपकरणात सूर्यबिंब चकतीने झाकून प्रभामंडलाचे चित्रण केले जाते. शुक्रासारखा तेजस्वी ग्रह दृष्टिक्षेत्रात आला, की संवेदकावरील विद्युतभार शेजारच्या घटकांत ओसंडतो आणि ग्रहाच्या दोन्ही बाजूंस आडव्या रेषा उमटतात. वैश्विक किरणांच्या आघाताने ठिपके व रेघा निर्माण होतात. असा लहानसा अंश अनेक पटींनी मोठा केल्यास त्याला यानाचे रूप प्राप्त होते. १४ जुलै २००० रोजी झालेल्या प्रचंड सौर उद्रेकानंतर वेगवान कणांच्या माऱ्यामुळे ही छायाचित्रे हिमवर्षाव व्हावा तशी ठिपक्यांनी भरून गेली होती. ठिपक्यांचा उगम संवेदकावरील आघातात आहे, याचा हा ठळक पुरावा होय.

त्याच छायाचित्रांचा दुसरा उपयोग :
याच खुल्या छायाचित्रांतून मार्च २०२४ पर्यंत ५,००० धूमकेतू शोधले गेले. त्यांपैकी बहुसंख्य हौशी निरीक्षकांनी शोधले, ही बाब विशेष लक्षणीय आहे. तबकडीचे दावेदार आणि हे निरीक्षक यांच्यासमोर साधन एकच होते. भेद पद्धतीचा होता. ठिपका लागोपाठच्या अनेक छायाचित्रांत दिसतो काय, त्याचा मार्ग सुसंगत आहे काय, हे पाहिल्यावरच धूमकेतूचा दावा तज्ज्ञांकडून स्वीकारला जातो. वैश्विक किरणाचा ठिपका पुढील छायाचित्रात त्याच जागी वा सुसंगत मार्गावर आढळत नाही.

निष्कर्ष :
सप्टेंबर २०२३ मध्ये नासाने नेमलेल्या स्वतंत्र अभ्यासगटाने अज्ञात घटनांना परग्रहीय उगम असल्याचा पुरावा नसल्याचे नमूद केले आणि नोंदींचा दर्जा सुधारण्यावर भर दिला. या वादातून असा निष्कर्ष निघतो, की साधने सर्वांसाठी खुली करणे आवश्यक असले, तरी तेवढ्याने ज्ञान सिद्ध होत नाही. साधनांबरोबर त्यांच्या चिकित्सेची पद्धतही विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविणे, ही विज्ञान आणि इतिहास या दोन्ही विषयांच्या अध्यापकांची समान जबाबदारी ठरते.