निळा कोळी आणि नावात राहून गेलेली गुत्ती

१/ यवतमाळ जिल्ह्यात लोहारा आहे; धाराशिव जिल्ह्यातही लोहारा आहे. पत्रावर नुसते ‘लोहारा’ लिहिले, तर ते पोहोचावे कोठे? म्हणून गावाच्या नावापुढे तालुका-जिल्हा येतो. प्राण्यांना नावे देतानाही माणसापुढे हाच पेच उभा राहिला. टॅरंटुला या कोळ्याचा इतिहास म्हणजे त्या पेचाचीच कथा.

२/ ‘टॅरंटुला’ हे नाव दक्षिण इटलीतील तारांतो या शहरावरून आले. तेथील कोळी चावला, की विष उतरवण्यासाठी रुग्णाला नाचवावे, अशी लोकसमजूत होती. ‘तारांतेला’ या नृत्याशी तिचा संबंध जोडला जातो. मात्र हा मूळ टॅरंटुला होता ‘लांडगा कोळी’ गटातला. पुढे युरोपीय लोक अमेरिका खंडात गेले, तेथे त्यांना दांडगे केसाळ कोळी दिसले आणि ओळखीचे नाव त्यांनी त्या परक्या प्राण्यांना देऊन टाकले. आज जगभर ‘टॅरंटुला’ म्हणून ओळखले जातात ते हेच दुसरे.

३/ असेच आणखी एक नाव आहे, ‘पक्षीभक्षक कोळी’. मारिया सिबिला मेरियन या चित्रकर्तीने सुरीनाममधील निरीक्षणांवर आधारित ग्रंथ १७०५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील एका चित्रात कोळी चिमुकल्या पक्ष्याला खाताना दिसतो. लिनियसने १७५८ साली त्या प्रकारच्या कोळ्याला ‘अविक्युलारिया’ हे नाव दिले; ते लॅटिनमधील पक्षीवाचक शब्दावरून घडले आहे. या कोळ्यांचे नेहमीचे भक्ष्य मात्र कीटकच.

४/ लिनियसची द्विनाम पद्धती लोहाऱ्याच्या पत्त्यासारखीच आहे. पहिला शब्द वंशाचा, दुसरा जातीचा. दोन्ही मिळून एकच प्राणी. पण या नावाचे खरे बळ त्याच्या मागे असलेल्या नोंदीत आहे. नमुना कोणता, तो कोठे सापडला, वर्णन कोणी व कधी केले, हे सारे त्या दोन शब्दांशी बांधलेले असते.

५/ आता भारताकडे वळू. १८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली आणि येथील प्राण्यांच्या नोंदींना एक घर मिळाले. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील रेजिनाल्ड पोकॉक यांनी भारतातील अनेक कोळ्यांचे वर्णन केले. १८९९ साली त्यांनी नाव दिलेल्या जातींत ‘पोसिलोथेरिया रेगॅलिस’ होती. ही जात महाराष्ट्रातही आढळते. त्याच वर्षी त्यांनी आणखी एक नाव दिले: ‘पोसिलोथेरिया मेटॅलिका’. धातूसारखी निळी झळाळी असलेला हा कोळी होता.

६/ या निळ्या कोळ्याचा नमुना मिळाला गुत्तीला. मराठ्यांच्या इतिहासाचे वाचक गुत्ती ओळखतात ती मुरारराव घोरपड्यांच्या किल्ल्यामुळे. परंतु नमुना किल्ल्यावर मिळाला नव्हता, की रानातही नव्हता. तो होता रेल्वेच्या लाकूड-वखारीत. हा कोळी झाडांच्या ढोलीत राहतो. तेव्हा तोडलेल्या लाकडाबरोबर तो आगगाडीने गुत्तीला आला असावा, असे अभ्यासक मानतात.

७/ त्यानंतर शंभर वर्षे त्याचा माग लागला नाही. २००१ साली तो पुन्हा सापडला, तोही गुत्तीपासून सुमारे १०० किलोमीटर दूर, नंद्याल आणि गिद्दलूर यांच्यामधील पानझडी जंगलात. त्याचे ज्ञात घर १०० चौरस किलोमीटरपेक्षाही लहान आहे. २००८ मध्ये आययूसीएनच्या लाल यादीत तो अतिसंकटग्रस्त ठरला.

८/ कोळी पाळणाऱ्या हौशी लोकांच्या जगात मात्र त्याचे नाव पडले ‘गुटी सफायर’, म्हणजे गुत्तीचा नीलम. नाव मोहक आहे, पण त्यात रान नाही. आहे ते गाडीतून लाकूड उतरवण्याचे ठिकाण. ‘रेगॅलिस’ला म्हणतात ‘इंडियन ऑर्नामेंटल’. याच वंशातल्या अनेक जाती भारतीय आहेत. मग हा नेमका कोणता, ते त्या नावावरून कसे कळावे?

९/ शास्त्रीय नाव तरी अढळ असते का? नाही. मेक्सिकोतील लाल गुडघ्यांचा टॅरंटुला वर्षानुवर्षे ‘ब्राकिपेल्मा स्मिथी’ या नावाने पाळला जात होता. २०१७ च्या संशोधनाने दाखवून दिले, की त्यांपैकी पुष्कळसे ‘ब्राकिपेल्मा हॅमोराय’ या दुसऱ्याच जातीचे आहेत. फरक इतकाच, की शास्त्रीय नाव बदलले तर ते कोणी, कधी आणि कशाच्या आधारे बदलले याचा माग राहतो. बाजारातले नाव बदलते, तेव्हा मागे कागद राहत नाही.

१०/ हा वाद केवळ पंडितांचा नव्हे. २०१९ मध्ये ‘साइटीस’ या आंतरराष्ट्रीय कराराने ‘पोसिलोथेरिया’ हा संपूर्ण वंश परिशिष्ट २ मध्ये घेतला आणि त्याच्या व्यापारावर परवान्याचे बंधन आले. त्या यादीत ‘नीलम’ नाही, ‘ऑर्नामेंटल’ही नाही, आहे ते वंशाचे शास्त्रीय नाव. खोक्यावरच्या चिठ्ठीत तेच नसेल, तर संरक्षण कोणत्या प्राण्याला द्यायचे, हे तपासणाऱ्याला कळणार कसे?

११/ म्हणून लोकनामे टाकून द्यायची का? मुळीच नाही. ‘टॅरंटुला’ या शब्दात एक शहर, एक भीती आणि एक नृत्य जपले गेले आहे. ‘गुटी सफायर’मध्ये रेल्वेने वाहून नेलेल्या जंगलाची खूण आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला ती नावे हवीतच. पण त्या कोळ्याचे रान वाचवायचे, तर पत्ता पूर्ण लिहावा लागतो.

(समाप्त)